लोणच्याच्या बरणीचा निकाल

चिठ्ठ्या जिंकल्या, तज्ज्ञ हरले. असं काही घडलंच नाही, असं इतिवृत्तात एकमतानं लिहून समितीनं चहा मागवला.

झालं होतं एवढंच: संशोधनाचा निम्मा निधी तज्ज्ञांनी प्रस्तावांना गुण देऊन वाटला आणि निम्मा, नापासांच्या चिठ्ठ्या लोणच्याच्या बरणीतून उचलून. तीन वर्षांनी बरणीतलेच सरस ठरले.

त्यातली बेडकांवर काम करणारी रेवा साटम समोरच होती. अध्यक्ष डॉ. केळुसकर मोठ्या मनानं म्हणाले, "तुझा प्रस्तावच कच्चा होता गं. मी दोनदा वाचला."

तिनं पिशवीतून प्रस्तावाचा परत आलेला लखोटा काढला. त्यावर सरांच्या अक्षरात 'शंभरपैकी बारा'. मागे तिनं लावलेली लाखेची मोहर शाबूत. "सर, बरणीतली चिठ्ठी निदान उघडली तरी."

केळुसकरांची मान वर होईना. त्यांनी तिथंच अर्ज लिहिला: 'माझ्या जागी सदर बरणीची नेमणूक व्हावी, ही नम्र विनंती.'