हात वर होईपर्यंत

गाणं पुन्हा त्याच अंतऱ्यावर अडकलं. संगणकाच्या पडद्यावर तीच सूचना आली: प्रोसेसरवर ताण. सदानंदने कपाळाला हात लावला. उद्या बायकोचं वर्षश्राद्ध, आणि तिने गायलेलं शेवटचं गाणं काही धड वाजेना.

“बाबा, आवाजावर लावलेलं एकेक प्लगइन बंद करून बघ ना,” लेक म्हणाली.

गोडवा भरणारं बंद केलं, आवाज घुमवणारं बंद केलं, तरी गाणं अडखळतच होतं. उरलं एकच. सूर थांबले की मागची सगळी खुडबुड, कुजबुज पुसून टाकणारं. ते त्याने मुद्दाम लावलं होतं. गाणं संपल्यावर तो हात वर करेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्याच्या स्टुडिओचा नियम, आणि तो मोडणारी नेमकी बायकोच. किती वेळा खेकसला होता तिच्यावर!

तेही बंद केलं. गाणं शेवटपर्यंत सरळ वाजलं. तंबोरा विरला, आणि पाठोपाठ तिचा दबका आवाज आला, “अहो, झालं ना? बोलू आता?”

सदानंदने चटकन हात वर केला.

पुढे रेकॉर्डिंगच नव्हतं.