शेवटच्या आकड्यामागची जागा

आम्हा शिक्षकांच्या बदल्यांची यादी काल लागली. बारा वर्षं नोकरी होऊनही मी सगळ्यात खाली होते, कारण माझ्या नावापुढे वर्षांऐवजी फॉर्म्युल्याची एरर दिसत होती. घराजवळची शाळा माझ्या मैत्रिणीला, वृंदाला मिळाली. यादी तिनेच केली होती. "कॉम्प्युटरचं काही सांगता येत नाही गं," ती म्हणाली.

आज मी ग्रुपवर आलेली ती फाइल उघडली. माझ्या कर्मचारी क्रमांकावर क्लिक केलं, तर कर्सर शेवटच्या आकड्याला न चिकटता जरा पुढे उभा राहिला. मध्ये एक स्पेस होती. ती पुसली आणि एररच्या जागी बारा उमटले.

बाकीचे तीनशे चौदा क्रमांक तपासले. एकाच्याही मागे स्पेस नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत वृंदा माझ्याच घरी बसून क्रमांकावरून नोकरीची वर्षं शोधणारा हा फॉर्म्युला शिकली होती. "आकड्यामागे स्पेस राहिली, तर त्याला माणूस सापडतच नाही," मी सांगितलेलं तिने वहीत लिहून घेतलं होतं.

मधल्या सुट्टीत तिने नेहमीसारखा डबा माझ्यापुढे सरकवला. "सापडली का गं चूक?"

"सापडली," मी म्हणाले. "माझीच होती."