अवनीचा अंदाज

मुक्ता गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा अवनीची शाळा सुटायला दोन तास होते. तेवढा वेळ मी उत्तरेतल्या मानकनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये नुसता बसून राहिलो.

मुक्ता दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहायची. शेवटचं प्रकरण लिहिण्याआधी ती आमच्या इथंच वाढलेल्या, हिंदीच बोलणाऱ्या अकरा वर्षांच्या लेकीला शेवट ओळखायला लावायची. अवनीनं बरोबर ओळखला, की मुक्ता तो टाकून दुसराच शेवट लिहायची. मागची तीन पुस्तकं अशीच झाली. या चौथ्या पुस्तकात पुरात हरवलेल्या आईची वाट बघणारी एक मुलगी होती.

तेराव्यानंतर पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. शेवटचं प्रकरण मुक्ताच्या कागदांत कुठेच सापडेना, म्हणून मी अवनीला विचारलं, "आई तुला शेवटाबद्दल काही बोलली होती का गं?"

"हाँ बाबा, अस्पताल में पूछा था. मैंने बोला, माँ घर लौट आएगी."

"मग?"

"आई हँसने लगी. बोली, 'ओळखलंस ना भवाने! आता बदलावा लागणार.'"

अवनीनं माझी बाही धरली.

"बाबा, मैं ग़लत बोल देती, तो आई घर आ जाती ना?"