आपोआप उघडणारं ॲप

कॉम्प्युटर लावला की व्हिडिओ कॉलचं ॲप आपोआप उघडायचं आणि कॅमेऱ्याचा दिवा लागायचा. नवरा ऑफिसात बसून आपल्यावर नजर ठेवतोय, या धास्तीनं निशिगंधाला घास गिळवत नव्हता. आज तिनं धीर करून सेटिंगमध्ये ते बंद केलं.

संध्याकाळी गडमुडशिंगीहून सासूबाईंचा फोन आला.

"पोरी, आज दिसंना झालीस?"

"आत्या, म्हणजे तुम्ही बघत होता?"

"व्हय. लेकीला सांगून मीच ते करून घेतलंय. ह्याचा बाप मला मारायचा, तवा बघायला कोण न्हवतं. ल्योकबी बापावरच गेलाय."

तेवढ्यात दारावर नवऱ्याची बेल वाजली. कडी काढण्याआधी निशिगंधानं ॲप पुन्हा सुरू केलं.