पायजमा जोन्सचं घर

"किल्ल्यासमोरचं घर पायजमा जोन्सला दिलं म्हणे," खाटकाच्या दुकानात रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या एमलिन जोन्सच्या हातातली पिशवी गळून पडली. दोघींनी वळून पाहिलं. एमलिन दिसताच त्यांनी घाईघाईनं हवापाण्याचा विषय काढला.

ते घर एमलिनला हवं होतं. विकत नाही, भाड्यानं. हार्लेखच्या किल्ल्यासमोर दोन खोल्या, खिडकीतून समुद्र. मालकीण लौरी पॅरी. त्यांच्याच कुरणात एमलिन आणि त्याची बायको मेना सव्वीस उन्हाळे तंबू ठोकत आले होते. यंदा मेनाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. दक्षिणेकडच्या स्वान्सीहून निघतानाच तिनं बजावलं होतं, जमिनीवर झोपायचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी डोक्यावर छप्पर, नाहीतर हार्लेखला रामराम.

आल्या आल्या एमलिननं लौरीबाईंच्या कानावर घातलं, आता निवृत्त झालोय, घर मिळालं तर बारा महिने इथंच राहू. बघू, एवढंच त्या म्हणाल्या. घर द्यायचं तर आपल्या माणसाला, सुट्टीला येणाऱ्या उपऱ्याला नाही, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

आमच्या गावात आडनावांचा दुष्काळ आहे. निम्मं गाव जोन्स. वाडवडिलांनी आळस केला, त्याचं आम्ही निस्तरतोय. त्यामुळे प्रत्येक जोन्सला काहीतरी चिकटवल्याशिवाय आमचं पान हलत नाही. दूध जोन्स, टपाल जोन्स, अर्ध्या बोटाचा जोन्स. एकदा चिकटलं की माणूस मेला तरी सुटत नाही. मात्र ते तोंडावर कधी घ्यायचं नाही, एवढी सभ्यता आम्ही पाळतो. तोंडावर सगळे मिस्टर जोन्स. चिक्कू जोन्स तर आपण मोठे दानशूर आहोत अशा समजुतीतच वारला. मीही जोन्सच. मला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, आणि विचारायची छातीही नाही.

एमलिनला ही सगळी नावं पाठ. मेनापाशी तो ती अगदी चवीनं वापरायचा. दुःख एकच होतं, त्याला स्वतःला नाव नव्हतं. सव्वीस वर्षं त्यानं घरोघर स्वान्सीचे शिंपले वाटले. उत्तरेकडची बोली घोटून घोटून जीभ वळवली. चॅपलमध्ये सर्वांत खालच्या पट्टीत गायला. तरी आपला मिस्टर जोन्सच, ते दक्षिणेकडचे. हे त्याला मनापासून लागायचं.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. पहिल्याच वर्षी डोंगरावरून वारा सुटला, त्याचा तंबू उडाला आणि थेट किल्ल्याच्या खंदकात जाऊन पडला. किल्ल्यानं एवढे वेढे पाहिले, पण तंबू घेऊन खंदकातून वर येणारा वीर हाच पहिला. नशीब, कुणी पाहिलं नाही, असं तो मानायचा. मेनानं तो विषय काढला की हा किटली उचलून नळावर निघून जायचा.

मटण न घेताच तो कुरणात परतला. हा कोण उपटसुंभ पायजमा जोन्स, आणि सव्वीस वर्षांत आपल्याला कधी दिसला कसा नाही, म्हणून त्यानं तंबूभोवती दोन फेऱ्या मारल्या. मेना बटाटे सोलत होती. नाव ऐकून तिचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि लौरीबाईंनाच जाऊन विचार म्हणाली.

लौरीबाईंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ओतला, मनुकांच्या पावाला लोणी लावून पुढं ठेवलं. त्यानं बशीला हातही लावला नाही.

"हा पायजमा जोन्स," तो म्हणाला, "वर्षातले किती दिवस असतो इथं?"

"उन्हाळ्यात तीन आठवडे."

"मीही तेवढेच असतो."

"हो, तेवढेच."

"मग त्याच्यात असं काय आहे?"

"तो आमचा आहे," लौरीबाई म्हणाल्या. "परक्याला आम्ही नाव देत बसत नाही."

आता मात्र एमलिनचा बांध फुटला. सव्वीस वर्षं मी या एका गोष्टीसाठी झुरतोय, तो म्हणाला. नाव कसलंही चाललं असतं, अगदी गाढव जोन्ससुद्धा. आणि कुठला कोण एक पायजमेवाला येतो, नावही घेऊन जातो आणि घरही. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, आणि पासष्टीच्या माणसाला एका टोपणनावासाठी रडू यावं याची त्याला लाजही वाटली.

लौरीबाई उठल्या. भिंतीवरच्या खिळ्यावरून किल्ली काढून त्यांनी त्याच्या बशीशेजारी ठेवली. त्याचं लक्षच नव्हतं.

"कधी पडलं त्याला हे नाव?" त्यानं विचारलं.

"पहिल्यांदा आला त्याच्या तिसऱ्याच दिवशी. रविवार होता. चॅपल सुटलं होतं, अख्खं गाव पायऱ्यांवर उभं होतं," लौरीबाई म्हणाल्या. "पुढं तंबू, मागं तुम्ही, मिस्टर जोन्स. एक हात तंबूकडे, एक हात नाडीवर."