माउसाक हात

तन्वी शिरोड्याला घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. लिनक्सवर तिने क्लिकची कटकटच काढून टाकली आहे; माउसचा बाण ज्या खिडकीवर, टायपिंग त्याच खिडकीत. "आये, माउसाक हात लावू नको, लिवलला भलतीकडे जाता," असं ती आईला रोज बजावते.

आज साहेबांचा मेसेज वाचून तिने खाली मान घालून, दातओठ खात राजीनामा लिहिला. आईने शेजारी घावण्यांची ताटली ठेवली. तन्वीने एंटर दाबलं.

मान वर केली, तर राजीनामा चॅटमध्ये तसाच, न पाठवलेला. एंटर भलत्याच खिडकीत गेलं होतं. तन्वीने तो पुन्हा वाचला, पुसला आणि हुश्श केलं.

"आये, माउसाक हात लावलंस?"

"लावलंय. तुझ्या बोटांचो आवाज चुलीपर्यंत येय होतो."