तिरफळं घातलेला खेकडासुर

"काकी, ही आचारीण डोक्यावर पडलीय," मोबाइलवरून नजर न काढता अक्षदा म्हणाली. "खेकड्याच्या रश्शात तिरफळं घालतेय!"

शेजारच्या खोलीतली अक्षदा दुपारची रखमाकाकींकडे येऊन गेम खेळत बसायची. राक्षस मारला, की गेममधली चंपाक्का तो कसा शिजवायचा याचं टिपण लिहायची, तेही चक्क मराठीत. अक्षदा ते मोठ्यानं वाचून दाखवायची.

काकींच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. "परत वाच."

"'खेकडासुर. नांग्या ठेचून रस काढावा. तिरफळं सढळ हातानं, नाहीतर घरचं वाटत नाही.'"

अहो, तिरफळं घालतात ती बांगड्यात. लालबागमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या रखमानं ती खेकड्यात घातली. सासूनं कपाळावर हात मारला. पुढं तिच्या पोराला, शंतनूला मात्र तसलाच रस्सा लागायचा. अख्ख्या मुंबईत हा घोळ एकाच घरात होता.

"कुणी केलाय गं हा गेम?"

अक्षदानं गेम करणाऱ्यांची नावं काढली आणि ओरडलीच. "अगंबाई! काकी, शंतनूदादा!"

खुर्चीतल्या काकींच्या नवऱ्याचा, बाबुरावांचा, पेपर खाली आला नाही. बँकेतली नोकरी सोडून पोरगा गेम करायला कॅनडाला निघाला, तेव्हा 'हे दार तुला बंद' म्हणणारे तेच. पुढच्याच वर्षी काकी हॉस्पिटलात होत्या. डॉक्टरांनी आशा सोडली होती. शुद्धीवर येताच काकींनी विचारलं, "शंतनू आला?"

"कळवलं होतं मी," बाबुराव म्हणाले. "नाही आला."

आई मरायला टेकली तरी न येणारा पोरगा! तेव्हापासून काकींनी त्याचं नाव काढलं नाही. आतल्या आत जळत राहिल्या. आणि आज ही तिरफळं.

"विसरला नाही गं मेला!" काकी हसतही होत्या, रडतही होत्या. "पुढं वाच. माझ्यासाठी काहीतरी लिहिलं असेल त्यानं. बोलावत असेल मला."

"आधी राक्षस तर मरू दे! मग दादाला मेसेजच टाकू, आईनं वाचलं म्हणून."

"पुरे झाला तो खेळ," पेपरामागून बाबुराव म्हणाले. "चहा टाका."

"आज तुमचा तुम्ही टाका," काकी म्हणाल्या.

शेवटचा राक्षस अळूदैत्य. मेला एकदाचा. अक्षदा खणखणीत आवाजात वाचू लागली.

"'अळूदैत्य. पानांच्या शिरा काढून पातळ भाजी करावी. सोबत वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. हे वर्षातून एकदाच, भाद्रपदात. मीठ चाखून बघू नये. पहिलं पान कावळ्याला...'"

ती थांबली.

"वाच ना गं," काकी म्हणाल्या.

"'...आईच्या नावानं.'"